गाडी बंद केली, आता गाव उठवायचं आहे काय?



धारणी तालुक्यात एका गावाचं नाव धुळघाट रेल्वे असं आहे. कागदावर अजून तेच नाव चालतं. गावात रेल्वे मात्र २०१७ पासून नाही.

गाडी बंद केली तेव्हा सांगितलं होतं, की रूळ मोठे करायचे आहेत, थोडा धीर धरा. ही रतलाम–महू–खंडवा–अकोला लाइन. तिचं मीटरगेज काढून ब्रॉडगेज करायचं, असं २००८-०९ साली मंजूर झालं. एकूण लांबी ४७२ किलोमीटर. अकोल्याकडून अकोटपर्यंत मोठे रूळ पडले, आणि २०२२ च्या अखेरीस अकोला–अकोट गाडी सुरूही झाली. खंडव्याकडूनही काम पुढं सरकलं. मधला तुकडा अडला. हा तुकडा म्हणजे अकोटहून डोंगर चढून वान रोड, धुळघाट करत तुकईथडकडं उतरणारी वाट. त्यातले चाळीसेक किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात, म्हणून अडला. ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं, की लाइन जंगलाबाहेरून न्या. पुढं रेल्वेनं ते मानलं. आता लाइन हिवरखेडवरून सोनाळा, जामोद, खकनार असा वळसा घालून तुकईथडला जाणार. अंतर सुमारे तीस किलोमीटरनं वाढणार.

म्हणजे आपला तुकडा रद्द. आता तिथं मोठे रूळही येणार नाहीत आणि जुनी गाडीही परत येणार नाही.

आमचा सरकारला एकच सवाल आहे. हा निर्णय ज्या फायलीत झाला, त्या फायलीत धारणी तालुक्यातल्या कोण्या ग्रामसभेचा ठराव लावलेला आहे? असेल तर दाखवा. नसेल तर ज्यांचं जंगल, ज्यांची वाट, त्यांना सोडून हे ठरवणारे तुम्ही कोण?

दोन पार्ट्या बोलल्या

गेली कितीतरी वर्षं ह्या लाइनवर दोन पार्ट्या भांडत होत्या. एक वाघवाल्यांची, एक रेल्वेवाल्यांची.

वाघवाले म्हणत होते, ब्रॉडगेज आलं की गाड्या वाढतील, वेग वाढेल, मालगाड्या रात्रभर पळतील, जनावरं कटतील. हे खोटं नाही. जंगलात राहणाऱ्याला हे शहरातल्या माणसानं शिकवायची गरज नाही.

रेल्वेवाले म्हणत होते, जुनी वाट जवळची आहे, अकोला–खंडवा–इंदूर सरळ जोडलं जाईल, व्यापार वाढेल. हेही खोटं नाही. एके काळी ह्याच रुळावरून जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस धावत होती. उत्तर आणि दक्षिण जोडणारी ही लाइन होती.

दोघांनीही आपलं नाव घेतलं. एक म्हणाला, जंगल वाचलं तर आदिवासी वाचेल. दुसरा म्हणाला, रेल्वे आली तर आदिवासींचा विकास होईल. आपल्या नावानं दोघं भांडले, आणि आपल्याला खुर्ची कोणीच दिली नाही. कोर्टात वाघाची बाजू मांडायला वकील होता, रेल्वेची बाजू मांडायला वकील होता. डोक्यावर गाठोडं घेऊन अकोटच्या बाजाराला जाणाऱ्या बाईची बाजू कोणी मांडली?

आपल्याला त्या गाडीचं काय होतं, ते आपणच सांगू. इंदूरचा व्यापार आपल्या डोक्यात नव्हता. गाडी हळू चालत होती, तिकीट कमी होतं, गाठोडं चालत होतं, लेकरं चालत होती. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की सडक तुटते, पण रेल्वेचा पूल उंच असतो. दुखणं वाढलं तर अकोल्याच्या सर्वोपचारला जाता येत होतं. दिवाळीनंतर सोयाबीन-कपाशीच्या मजुरीला खाली उतरणारे आणि होळीला घरी परतणारे ह्याच गाडीनं येत-जात होते. ज्यांची गावं उठवून अकोटकडं नेऊन बसवली, त्यांचं आणि वर राहिलेल्या नातलगांचं येणं-जाणंही ह्याच वाटेनं होतं.

हे सगळं कोण्या अहवालात मोजलं? वाघ मोजले, झाडं मोजली, डब्यांची संख्या मोजली. गाडी बंद झाल्यावर बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचायला किती तास जास्त लागतात, हे मोजायला कोणाकडं फुटपट्टी नव्हती.

पर्यटकाला मीटरगेज चालतं

आता कोणी म्हणेल, वाघ की रेल्वे, दोनातलं एक निवडावंच लागणार होतं. हे खरं नाही.

व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ चा. मीटरगेज गाडी २०१७ पर्यंत चालली. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं वाघ आणि ती हळू गाडी एकाच जंगलात होते. भांडण सुरू झालं ते मोठ्या रुळाचं, जास्त वेगाचं, रात्रीच्या मालगाड्यांचं. मग लांबच्या गाड्या बाहेरच्या वळशानं न्या, आणि जंगलातल्या जुन्या रुळावर दिवसा एक-दोन छोट्या गाड्या हळू चालू द्या, असा तिसरा मार्ग होता की नव्हता?

मीटरगेज जुनं झालं, ते आता चालवता येत नाही, असं उत्तर देतील. तर ऐका. ह्याच लाइनवर, महूच्या पुढं, पातालपाणी ते कालाकुंड हा घाटाचा तुकडा आहे. तिथं रेल्वेनं मीटरगेज ठेवलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये खास पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू केली. धबधबा बघायला, फोटो काढायला. लाइन तीच, रूळ तसेच. धुळघाटाची गाडी बंद होऊन तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

म्हणजे फिरायला येणाऱ्यासाठी मीटरगेज ठेवता येतं, आणि दवाखान्यात जाणाऱ्यासाठी ठेवता येत नाही. ही अडचण रुळाची आहे काय? माणूस कोण आहे, त्यावर ती ठरते.

चिखलदऱ्याकडं पाहा. तिथं दरीवर सिडकोनं काचेचा स्कायवॉक हाती घेतला, सुमारे चारशे मीटर लांबीचा. परवानगीत तोही अडकला होता, पण पाठपुरावा करायला सिडको होती. आपल्या ढाण्याच्या दोन किलोमीटर सडकेची फाईल अडकली तर तिच्यामागं कोण फिरतं? आपलाच माणूस, रोजी बुडवून, धारणीहून अमरावतीला.

आणि हरिसाल विसरू नका. २०१६ मध्ये त्याला डिजिटल गाव केलं, साऱ्या देशात गाजावाजा झाला. इंटरनेटच्या तारेला मेळघाटात वाट सापडते. माणसालाच सापडत नाही.

रद्द करणं हाही प्रकल्पच आहे

सरकार एखादा प्रकल्प करतं तेव्हा निदान कागद तरी निघतात. नोटीस येते, सुनावणी होते, हरकती मागवतात, मोबदल्याचा आकडा सांगतात. ते सगळं नावालाच असतं, हे आपल्याला माहीत आहे. पण भांडायला कागद तरी हातात येतो.

प्रकल्प रद्द होतो तेव्हा ह्यातलं काहीच होत नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही, मोबदला नाही. जणू कोणाचं काही गेलंच नाही. अरे, पण असलेली गाडी गेली ना! स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्याची रोजी गेली. कॉलेजात जाणाऱ्या पोरीची वाट गेली. नुकसान झालंच. ते कोणाच्या नावावर लिहायचं?

शिवाय पैसा कुठं जातो, तेही बघा. सरकारकडं पैसा नाही, असं आपल्याला कायम ऐकवतात. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरची. तिचा सुरुवातीचा अंदाजी खर्च १ लाख ८ हजार कोटी होता. त्या कंपनीत महाराष्ट्र सरकारचा वाटा ५ हजार कोटी. हा पैसा तुमच्या-आमच्याच राज्याचा. त्या लाइनसाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे २० हजार तिवरांची झाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टानं परवानगी दिली. तिथं जंगल आडवं आलं नाही. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी ग्रामसभांनी बुलेट ट्रेन नको असे ठराव केले, तरी जमीन घ्यायचं काम चालूच राहिलं.

हिशेब मांडा. पालघरचा आदिवासी ठराव करून सांगतो, आम्हाला नको. तरी गाडी येते. मेळघाटच्या आदिवासीला विचारतही नाहीत. त्याची असलेली गाडी जाते. पाचव्या अनुसूचीचा भाग तिथंही आहे, इथंही आहे. पेसा कायदा १९९६ पासून दोन्हीकडं लागू आहे. मग ग्रामसभेचा "हो" आणि ग्रामसभेचा "नाही" दोन्ही फुकट जात असतील, तर तो कायदा कोणासाठी केला?

आम्ही पालघरच्या भावांच्या बाजूनं आहोत. तिथली तिवरं तोडा आणि इथं आम्हाला रेल्वे द्या, अशी मागणी आम्ही कधीच करणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की गाडी आणायची असो की बंद करायची असो, निर्णय ग्रामसभेपुढून गेला पाहिजे.

वाट तोडली की "स्वेच्छा" येते

आता मुद्द्याची गोष्ट. ही संघटना जमिनीच्या हक्कासाठी आहे. मग रेल्वे-सडकेवर एवढं लिहायचं काहून, असं कोणी विचारेल. कारण वाट आणि जमीन हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

व्याघ्र प्रकल्पातून गाव उठवायचं तर कायद्यानं जबरदस्ती करता येत नाही. वनहक्क कायद्याचं कलम ४(२) सांगतं, की आधी लोकांचे वनहक्क मान्य करून पूर्ण करा. वाघ आणि माणूस एकत्र राहू शकत नाहीत हे सिद्ध करा. दुसरा कोणताही पर्याय नाही हे दाखवा. ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लेखी घ्या. आणि नव्या जागी कबूल केलेल्या सोयी व जमीन पूर्ण झाल्याशिवाय कोणाला हलवू नका. एवढं स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून कागदावर सगळं पुनर्वसन "ऐच्छिक" असतं. पण ही इच्छा तयार कशी होते, ते बघा. गाडी बंद. सडकेला परवानगी नाही. सडक नाही म्हणून एस.टी. नाही. एस.टी. नाही म्हणून मास्तर टिकत नाही, डॉक्टर येत नाही, ॲम्ब्युलन्स नाल्याच्या अलीकडंच थांबते. अशी दहा वर्षं काढली की साहेब येतो आणि म्हणतो, कुटुंबाला दहा लाख घ्या, आता तर पंधरा लाख झाले, खाली सडक आहे, दवाखाना आहे. भुकेल्याला भाकरी दाखवून घेतलेला अंगठा मुक्त संमतीचा कसा?

सरकारच्या मनात तसा डाव होता की नव्हता, ह्या वादात आम्ही पडत नाही. मनात काहीही असो, वाट तोडल्याचा परिणाम एकच होतो. गाव आपोआप उठतं, आणि नोटीस कोणाच्याच हातात नसते.

उठल्यावर काय होतं, तेही आपल्यासमोर आहे. अकोट-तेल्हाऱ्याकडं बसवलेल्या गावांतले लोक जानेवारी २०१९ मध्ये परत जंगलात आले. कबूल केलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत, हे त्यांचं म्हणणं होतं. पोलीस आणि वनखात्याशी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. खाली सुखात असती तर कोणी लेकरंबाळं घेऊन परत डोंगर चढला असता काय?

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्र आहेत. अकोला जिल्हा नाही. म्हणजे डोंगर उतरून अकोटकडं गेलात, की पेसाच्या ग्रामसभेचा अधिकार वरच राहिला. दहा लाखाच्या कागदावर हे कोणी लिहून देत नाही.

ग्रामसभेच्या हातात काय आहे

नुसता राग धरून सडक होत नाही. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढा. बहुतेक गावांत वैयक्तिक दाव्याची आणि सामूहिक दाव्याची माहिती आहे, ह्या कलमाची कमी आहे.

हे कलम सांगतं, की १९८० च्या वनसंरक्षण कायद्यात काहीही असलं तरी गावासाठी तेरा प्रकारच्या सरकारी सोयींना वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, राशन दुकान, वीज व फोनच्या तारा, तळं, पिण्याचं पाणी अशी ती यादी आहे, आणि त्यात रस्ताही आहे. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस.

एक हेक्टर म्हणजे किती? दहा हजार चौरस मीटर. सडक चार मीटर रुंद धरली तर अडीच किलोमीटरला जरा कमी एवढी लांबी बसते. कितीतरी ढाण्यांना मुख्य सडकेपर्यंत जायला एवढीच वाट पाहिजे. म्हणजे दिल्लीची परवानगी यायची आहे म्हणून जी फाईल अडली असं सांगतात, तिच्यातली पुष्कळ कामं गावाच्या ठरावानं सुरू होऊ शकतात. सडक बांधणाऱ्या खात्यानं प्रस्ताव द्यायचा, ग्रामसभेनं ठराव करायचा, निर्णय जिल्ह्यातच वनअधिकाऱ्याच्या पातळीवर होतो. त्याला मान्य नसेल तर प्रकरण जिल्हा समितीपुढं जातं.

व्याघ्र प्रकल्पात वेगळी परवानगी लागते, असं उत्तर येईल. येऊ द्या. पण ते तोंडी घेऊ नका. कोणतं कलम, कोणाची परवानगी, किती दिवसांत, हे लेखी मागा. तोंडी "नाही"च्या विरोधात कुठंच अपील होत नाही.

एस.टी.चंही तसंच. मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. चांगलं केलं, आम्ही नाही म्हणत नाही. पण ज्या ढाण्याला एस.टी. येतच नाही, तिथं त्या अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? जीपवाला अर्धे पैसे घेत नाही, आणि म्हाताऱ्याला फुकट नेत नाही.

आपल्या मागण्या

१. मेळघाटातली रेल्वे रद्द करताना ग्रामसभांचं मत घेतलं की नाही, ते लेखी जाहीर करा. घेतलं नसेल तर आता घ्या.

२. जुन्या लाइनच्या जंगलातल्या तुकड्यावर दिवसा चालणारी छोटी, हळू प्रवासी गाडी ठेवता येते काय, ह्याचा अभ्यास करा आणि तो ग्रामसभेपुढं ठेवा. पातालपाणीला जमतं, तर इथं काहून जमत नाही ते सांगा.

३. गाडी देता येत नसेल, तर बदल्यात काय देणार ते आकड्यात लिहा. धुळघाट–अकोट आणि धुळघाट–धारणी बाजूला बारमाही सडक, पूल, एस.टी.च्या फेऱ्या आणि रात्री थांबणारी ॲम्ब्युलन्स.

४. कलम ३(२) चे ग्रामसभेनं केलेले सगळे सडकेचे प्रस्ताव कोणत्या टेबलावर पडले आहेत, त्याची यादी तालुक्याला लावा.

५. सडक, शाळा, दवाखाना दिल्याशिवाय कोण्याही गावाकडून पुनर्वसनाच्या संमतीवर सही-अंगठा घेऊ नका.

सोनाळा, जामोद आणि खकनारकडच्या भावांनाही सांगणं आहे. आपल्याकडून उचललेली लाइन आता तुमच्याकडून जाणार. तिकडंही आदिवासी गावं आहेत, तिकडंही वनजमिनीचे दावे पडून आहेत. मोजणीला माणसं आली की आधी दाव्याची पावती दाखवा. कलम ४(५) म्हणतं, दाव्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. तुमच्या गावात स्टेशन होणार की नुसते रूळ जाणार, हेही आत्ताच विचारा. गाडी समोरून जाते आणि थांबत नाही, ह्यासाठी जमीन देऊ नका.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव असा लिहा: "आमच्या गावाच्या दळणवळणाची कोणतीही सोय सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे ह्याआधी ह्या ग्रामसभेची लेखी संमती घेण्यात यावी. रद्द केलेल्या सोयीच्या बदल्यात काय देणार, ते ह्या ग्रामसभेपुढे लेखी मांडण्यात यावे." कोरम पुरा करा, बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या, कारण पाणी, दवाखाना आणि बाजार त्यांच्याच पायांनी होतो. एक प्रत प्रकल्प कार्यालयाला, एक तहसीलला, एक आपल्याकडं. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.

हा अंक वाचून झाला की पुढच्या ढाण्यावर द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला कोरकूत सांगा.

ग्रामसभेला विचारल्याशिवाय गाडी आणायची नाही, आणि विचारल्याशिवाय बंदही करायची नाही!

जल, जंगल, जमीन आपली, वाटही आपली!